तान्ह्या बाळाला घेऊन पहिली सुट्टी: इंदूरहून निघण्याआधीची तयारी

इंदूरच्या मराठी घरात बाळाचा पहिला प्रवास आई-वडील ठरवत नाहीत, कुलदैवत ठरवतं. जेजुरी, तुळजापूर नाहीतर कोल्हापूर. मग जावळ, नैवेद्य, वाटेत पुण्याचे मामा, परतताना नाशिकची आत्या. हे सगळं करावं, जरूर करावं, पण त्याला सुट्टी म्हणू नये. त्यात रोज नवं घर, नवी गादी आणि बाळाला घ्यायला पुढे आलेले नवे हात असतात. कुलाचार वेगळा ठेवा आणि सुट्टी वेगळी.

पहिल्या सुट्टीसाठी माझं मत स्पष्ट आहे: जवळचं एकच ठिकाण, एकच खोली, दोन किंवा तीन रात्री. इंदूरकरांसाठी महेश्वर उत्तम. साधारण ९०-९५ किलोमीटर, म्हणजे काही बिनसलं तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे परतता येतं. खालचं सगळं महेश्वर डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. लांब जाणाऱ्यांसाठी रेल्वे आणि विमानाचं सातव्या पायरीत आहे.

१. आधी बाळाचं वय आणि लसी बघा, मग तारीख

सरकारी वेळापत्रकात ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी झाल्या की पुढचा मोठा टप्पा ९ महिन्यांना, गोवर-रुबेलाचा. खासगी डॉक्टर मध्ये आणखी काही लसी देतात, त्यांच्या तारखा विचारून घ्या. लस दिल्यावर एक-दोन दिवस ताप, किरकिर असू शकते. त्यामुळे लस आणि प्रवास यांत निदान तीन दिवस ठेवा.

माझ्या मते चार ते सहा महिने हा सगळ्यात सोपा काळ. बाळ फक्त दुधावर असतं, रांगत नसतं, जिथे ठेवाल तिथे असतं. सहा महिन्यांनंतर वरच्या खाण्याची वेगळी पिशवी लागते. रांगायला लागल्यावर खोलीची फरशी, पलंगाखालचा कचरा, खाली लावलेले प्लग, सगळंच तुमचं होतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा कसले उपचार चालू असतील, तर हे हिशेब बाजूला ठेवा. डॉक्टर सांगतील तेव्हाच निघा.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, महेश्वर घाटाखाली निमाडात. सकाळी इंदुरात स्वेटर घालून निघालेलं बाळ धामनोदला पोचेपर्यंत घामाघूम झालेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत निमाडात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तान्ह्याला नेऊच नका.

तारीख पक्की करताना पंचांगही उघडा. अमावास्या, नर्मदा जयंती (माघ शुद्ध सप्तमी), महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, कार्तिकी पौर्णिमा या दिवशी महेश्वरच्या नर्मदाघाटावर पाय ठेवायला जागा नसते. आणि सोमवार ते गुरुवारमध्ये बसवता आलं तर शनिवार-रविवारची गर्दी टळते.

२. कागदपत्रं

- बाळाचा जन्म दाखला, मूळ प्रत घरी आणि छायाप्रत सोबत (फोनमध्येही फोटो). अजून काढला नसेल तर आधी तेच काम करा. नोंदणी २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते.
- लसीकरणाचं कार्ड. हे मूळच न्या.
- आई-वडिलांची ओळखपत्रं. हॉटेलात मोठ्यांचीच लागतात.
- डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी, ज्यावर बाळाचं वजन लिहिलेलं असेल.

बाळाचं निळं आधार कार्ड असेल तर ठीक, नसेल तर त्यासाठी सहल अडवू नका.

३. खोली घेताना फोनवर विचारायचे प्रश्न

संकेतस्थळावरचे फोटो बघून खोली घेऊ नका. सरळ फोन करा आणि ‘चार महीने का बच्चा साथ में है’ हे पहिल्या वाक्यात सांगा. मग एकेक विचारा. खोली तळमजल्यावर मिळेल का? खिडक्यांना जाळ्या आहेत का? गरम पाणी चोवीस तास असतं की फक्त सकाळी? वीज गेली तर पंखा चालतो का? खोलीत केटल आहे का, फ्रीज नसेल तर स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या ठेवू देतील का? जनरेटर कुठल्या बाजूला आहे? आणि ज्या प्रश्नाचं उत्तर कुणी आपणहून देत नाही तो: त्या तारखांना तिथे लग्न आहे का? डीजेच्या भिंतीला भिंत लागलेली खोली मिळाली तर नर्मदेचा गार वारा काही कामाचा नाही.

पलंगापेक्षा एक जादा गादी जमिनीवर मागून घ्या. हॉटेलच्या गाद्या मऊ असतात, पलंग उंच असतो, कठडा नसतो. जमिनीवरची टणक गादी, त्यावर घरची गोधडी, वर छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी: बाळाची झोपायची जागा तयार. बाळाला पाठीवर झोपवा. जवळ उशी, लोड, जाड पांघरूण काही नको. मोहरीची उशीसुद्धा घरीच राहू द्या.

४. डॉक्टरांची भेट आणि औषधांची पिशवी

निघण्याच्या आठवडाभर आधी बाळाला डॉक्टरांकडे न्या आणि वजन करून घ्या. बहुतेक औषधांचा डोस वजनावर ठरतो, महिन्यांवर नाही.

तापाचं औषध, म्हणजे पॅरासिटामॉल, डॉक्टरांकडून मिलीलिटरमध्ये लिहून घ्या आणि कोणत्या बाटलीतून द्यायचं तेही. इथेच मोठा सापळा आहे. थेंबांच्या छोट्या बाटलीत बहुधा १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये ५ मिलीला साधारण १२० ते १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे सिरपचं माप लक्षात ठेवून थेंबांची बाटली उघडली तर बाळाला दुप्पट किंवा चौपट डोस जातो. घरी जी बाटली वापरता तीच, तिच्या ड्रॉपरसकट न्या. परगावच्या दुकानात दुसरी घ्यावीच लागली तर आधी आपल्या डॉक्टरांना फोन.

खोकल्या-सर्दीचं कुठलंही सिरप पिशवीत नको. २०२५ साली आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, विषारी घटक मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. ते प्रकरण भेसळीचं होतं, पण औषध शुद्ध असलं तरी दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊ नयेत असा केंद्र सरकारच्या आरोग्य विभागाचा सल्ला आहे. प्रवासात बाळ झोपावं म्हणून असलं काही पाजण्याचा सल्ला देणारे नातेवाईक भेटतात. त्यांचं ऐकून घ्या आणि विसरून जा.

पिशवीत एवढं पुरे: पॅरासिटामॉल, थर्मामीटर, नाकात घालायचे सलाइनचे थेंब, ओआरएसची साधी पाकिटं, झिंक ऑक्साइडचं मलम, कापूस, डॉक्टरांनी दिलेलं चालू औषध. ओआरएस म्हणजे पाकिटातली पावडर. रसासारखी गोड पेयं खोक्यात मिळतात, ती ओआरएस नव्हेत. एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच पूर्ण घालायचं. अर्धं पाकीट, अर्धा पेला असा अंदाजपंचे कारभार नको. मिश्रण २४ तासांनी फेकून द्या. बाळाला किती आणि केव्हा द्यायचं तेही याच भेटीत विचारा.

डॉक्टरकडे लगेच कधी पळायचं ते दोघांनाही पाठ असू द्या:

- तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप
- सहा तास लंगोट कोरडा
- टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही
- दूध ओढत नाही, हलवूनही नीट जागं होत नाही
- श्वास जोरात चालतोय, छातीच्या बरगड्या आत ओढल्या जाताहेत

मुक्कामी पोचल्यावर चहा मागवायच्या आधी विचारा की मुलांचे डॉक्टर सगळ्यात जवळ कुठे आहेत: महेश्वरात, मंडलेश्वरला की धामनोदला? नंबर फोनमध्ये घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८.

५. दूध, पाणी, खाणं

बाळ फक्त अंगावर पीत असेल तर ही पायरी जवळजवळ रिकामी आहे. आईने पाणी भरपूर प्यायचं, पुढून उघडणारे कपडे घालायचे, एक मोठी सुती ओढणी जवळ ठेवायची, झालं. फक्त एका वादाची तयारी ठेवा. गरम व्हायला लागलं की सासूबाई म्हणणारच, ‘अगं, घोटभर पाणी तरी पाज त्याला, घसा सुकला असेल.’ तेव्हा न चिडता सांगा, ‘आई, सहा महिने वरचं पाणी नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. दुधातच पाणी असतं, मी थोडं लवकर पाजते.’ आणि खरंच आहे ते. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळी हवेत पाजण्याच्या वेळा वाढवायच्या, एवढंच. निघण्याआधी हा संवाद डॉक्टरांसमोर घडवून आणलात तर आणखी बरं. आपलं ऐकत नसलेले लोक डॉक्टरांचं ऐकतात.

काढलेलं दूध न्यायचं असेल तर साध्या तापमानाला (२५ अंशांपर्यंत) चार तास, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात २४ तास. निमाडातली दुपार २५ अंशांची नसते, तेव्हा डबाच वापरा.

पावडरचं दूध असेल तर प्रत्येक वेळची पावडर घरूनच मोजून वेगवेगळ्या कोरड्या डब्यांत भरा. पाणी उकळलेलं हवं आणि पावडर घालताना निदान ७० अंश गरम हवं, म्हणून थर्मास चांगला घ्या. बाटली तयार करून ठेवू नका. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं, आणि बाळाने एकदा तोंड लावलं की तासाभरात. उरलेलं ओतून द्यायचं, जीव हळहळला तरी.

सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी घरून तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून केलेली भरड, नाचणीचं सत्त्व आणि केळी. केळं हे जगातलं सगळ्यात स्वच्छ बांधलेलं खाणं, कुठेही मिळतं. नवीन पदार्थाची सुरुवात प्रवासात करू नका. अंगावर पुरळ आलं तर खाण्याने आलं की गादीने, कळायला मार्ग नाही. हॉटेलात ‘बिना मिर्च की खिचड़ी’ मागितली तरी वरून फोडणी येते. ‘सिर्फ़ दाल-चावल, हल्दी भी थोड़ी, नमक नहीं, छौंक नहीं, कुकर में ज़्यादा सीटी’ असं सविस्तर सांगा. मध एक वर्षापर्यंत चाटवायचा नाही, देवळातल्या पंचामृतातलाही नाही.

६. सामान

यादी लांबवण्याचा मोह होतोच. महेश्वरात दुकानं आहेत. लंगोट, साबण, केळी तिथेही मिळतात. जे मिळत नाही तेच न्या.

- लंगोट: दर तीन तासांना एक असा हिशेब, वर एका दिवसाचे जास्त
- कपडे: दिवसाला तीन सुती झबली, रात्रीसाठी पूर्ण बाह्यांचे दोन, टोपरं, मोजे
- दुपटी सहा-सात. अंथरायला, पुसायला, सावलीला, पाजताना आडोशाला, सगळ्याला हेच
- रोज झोपताना लागणारी गोधडी, न धुतलेली. तिचा वास घरचा असतो, नव्या खोलीत तोच कामी येतो
- मच्छरदाणी, थर्मास, वाटी-चमचा, बाटल्यांचा ब्रश
- ओल्या कपड्यांसाठी आणि वापरलेल्या लंगोटांसाठी वेगवेगळ्या पिशव्या
- आई आणि बाबा दोघांचाही एकेक जादा सदरा, वरच्या पिशवीत. ओकारी फक्त बाळाच्या कपड्यांवर होत नाही

आजीने शिवलेली कुंची फोटोपुरती घ्या. बाबागाडी नको. महेश्वरचा घाट म्हणजे दगडी पायऱ्याच पायऱ्या, ती तुम्हीच उचलून फिरवाल. त्याऐवजी छातीशी बांधायची बाळझोळी. तिच्यात बाळाचा चेहरा कायम दिसला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये. घरी आठवडाभर ती बांधून चाला, म्हणजे कंबर आणि बाळ दोघांनाही सवय होते.

७. प्रवास

*आपल्या गाडीने.* बाळाची सीट मागच्या बाकावर, तोंड मागे. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड करून बसवलेलं बाळ कधीही नको. मांडीवर घेतलेलं बाळ जोरात ब्रेक लागल्यावर कुणालाही धरता येत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. मुलाला सुरक्षित बांधून बसवणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही आहे, न बसवल्यास १००० रुपये दंड. आपल्याकडे बाळ मांडीवरच घेतात हे मला माहीत आहे. म्हणून सीट महिनाभर आधी आणा, राजवाडा ते राऊ अशा छोट्या फेऱ्यांत सवय लावा. पहिल्यांदाच सीटमध्ये बसलेलं बाळ महूपर्यंत रडतं आणि मग सगळ्यांचा निर्धार सुटतो.

निघायची वेळ म्हणजे बाळाच्या सकाळच्या झोपेची वेळ. आंघोळ, दूध, ढेकर, मग गाडी. ढेकर काढल्यावर वीस मिनिटं थांबलात तर घाटात ओकारी कमी. रस्ते दोन आहेत. महू-मानपूर-धामनोद हा मोठा रस्ता, तोच घ्या. महूहून जाम दरवाज्याकडून मंडलेश्वरला उतरणारा रस्ता देखणा आहे, पण वळणं फार, ती मजा बाळ मोठं झाल्यावर. दीड-दोन तासांनी थांबून बाळाला सीटमधून काढा आणि आडवं करा. अडीच तासांच्या रस्त्याला साडेतीन-चार तास धरा. उन्हात उभ्या गाडीत बाळाला दोन मिनिटंही ठेवू नका. बंद गाडीतला पारा दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढतो.

*रेल्वेने.* मुंबईला जाणाऱ्यांसाठी अवंतिका एक्सप्रेस सोयीची, संध्याकाळी निघते आणि बाळाची रात्र गाडीतच जाते. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही, तरी आरक्षण करताना बाळाचं नाव भरून ठेवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, खालचा बर्थ मिळवायचा तर त्याच दिवशी. आई खालच्या बर्थवर, बाळ भिंतीकडे. दाराजवळचे बर्थ टाळा, रात्रभर ये-जा आणि दिव्यांची उघडझाप असते. मोबाइलच्या सॉकेटवर केटल लावायला रेल्वेत बंदी आहे, म्हणून गरम पाणी थर्मासमध्येच. वरच्या बर्थला लुगड्याची झोळी बांधणारे अजून दिसतात. गाडीच्या हिसक्यांनी गाठ सरकते, आपण नको. काही अडलं तर १३९.

*विमानाने.* दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर, त्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं आणि वयाचा पुरावा म्हणून जन्म दाखला दाखवावा लागतो. प्रवासापुरतं दूध, गरम पाणी, बाळाचं खाणं सुरक्षा तपासणीत चालतं, फक्त ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवा. विमान चढताना आणि उतरताना बाळाला पाजत राहा, कानाचे दडे सुटतात. चढतानाच पोटभर पाजून टाकलंत तर उतरताना ते तोंड लावत नाही.

८. तिथला दिवस

घरी बाळाच्या दूध-झोप-आंघोळीच्या ज्या वेळा आहेत त्या कागदावर लिहा. उरलेल्या मोकळ्या तुकड्यांत सहल बसवा, उलट नाही. बहुतेक बाळांचे दोनच तुकडे निघतात: सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. सकाळी अहिल्याबाईंचा राजवाडा आणि राजगादी, तिथून पायऱ्या उतरून अहिल्येश्वराचं देऊळ, घाट. राजवाड्याच्या चौकात सावली आहे, पाजायला बसता येतं. दुपारी खोली. संध्याकाळी पुन्हा घाट. आरतीच्या वेळी घंटा-नगाऱ्यांपासून चार पावलं लांब बसा.

पहिला दिवस पोचण्यातच जातो, त्या दिवशी काहीच ठरवू नका. माहेश्वरी साड्या बघायच्या असतील तर एकाने जायचं, दुसऱ्याने बाळाजवळ थांबायचं. साडी बघायला बसलं की दोन तास गेलेच म्हणून समजा. नदीच्या मधल्या बाणेश्वराला नाव जाते. बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट नावेत नसेल तर काठावरूनच नमस्कार करा.

सोबत आजी असतील तर नर्मदास्नानाचा विषय निघणारच. ‘बाळाच्या मस्तकावर तीर्थ लावू, आंघोळ खोलीत गरम पाण्याने घालू’ हे बहुधा मान्य होतं. फक्त ते पाणी बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका. दृष्ट काढायची तर काढू द्या, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. काजळ मात्र डोळ्यांत नको, कानामागे तीट लावा.

रात्री एकाने लवकर झोपायचं आणि पहाटेची पाळी घ्यायची, दुसऱ्याने उलट. दोघांनी मिळून जागण्यात काही शहाणपणा नाही.

९. परतताना

खरा धोका परतीच्या सकाळी असतो. सगळं सुरळीत झालेलं असतं, बाळ हसतंय, आणि गाडीत कुणीतरी म्हणतं, ‘एवढं आलोच आहोत, तर मांडू बघूनच जाऊ.’ जाऊ नका. पुढच्या वेळी मांडूच करा, त्यासाठी वेगळा मुक्काम ठेवा.

इंदूरला दुपारपर्यंत पोचा आणि दुसऱ्या दिवशीची रजा आधीच टाकून ठेवा. त्या दिवशी पाहुणे नकोत, आत्या-मावशीला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. धुण्याआधी बाळाचे कपडे झटकून मुंग्या, कीटक बघा. तीन-चार दिवस ताप, जुलाब, डासांच्या चाव्यांवर लक्ष ठेवा. ताप आलाच तर कुठे राहिलो, काय खाल्लं, पाणी कुठलं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. औषधांची पिशवी रिकामी करू नका. बाटल्यांवरच्या तारखा तपासा, संपलेलं भरा आणि ती तशीच कपाटात ठेवा, म्हणजे जावळाला निघताना पुन्हा जमवाजमव करावी लागणार नाही.